धूर कुणाच्या शेतावर गेला?

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पूर्व सर्बियातील बोर या तांब्याच्या गावाचा इतिहास लिहायला घेतलास आणि त्याचा नायक कोण यापाशी अडलास: १९०२ मध्ये तिथले तांबे ज्याच्या शोधमोहिमेला सापडले तो उद्योजक ज्योर्जे वायफर्ट, १९०४ मध्ये आलेली फ्रेंच कंपनी, दुसऱ्या महायुद्धानंतरचे समाजवादी सरकार, की २०१८ मध्ये ६३ टक्के हिस्सा घेणारी चीनची झिजिन? मला हा प्रश्नच मान्य नाही. एकामागून एक आलेल्या मालकांची नावे म्हणजे फेरफाराची नोंदवही. गाव तिच्यात सापडत नाही. धूर कुणाच्या शेतावर गेला, हे आधी विचार.

तिथल्या धातुकात गंधक असते. ते भाजले की गंधकाचा विषारी वायू निघतो आणि वारा नेईल तिकडच्या पिकांवर, कुरणांवर उतरतो. भोवतालच्या अनेक गावांत व्लाख लोक राहत. त्यांची बोली रोमानियनला जवळची. तांबे असलेल्या तिथल्या एका टेकडीला ते तिल्वा रोश, म्हणजे तांबडी टेकडी, म्हणत. पुढे खाणीने ती टेकडीच खाल्ली. १९३५ च्या मे महिन्यात याच परिसरातले शेतकरी धुराने शेते जळतात म्हणून कंपनीविरुद्ध उठले. तुझ्या मसुद्यात या उठावाला दीड ओळ आणि वायफर्टला चार पाने! हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही.

रागाचे कारण माझ्यातच आहे. तुझ्या वयाचा असताना मी एका खाणीवर अहवाल लिहीत होतो. शेजारच्या वस्तीतल्या एका आजींनी वांग्याचे पान आणून माझ्या टेबलावर ठेवले. कडा करपलेल्या, मधे पिवळे ठिपके. मला नकाशा पसरायचा होता, म्हणून मी ते पान बाजूला सारले. त्यांचे नावही विचारले नाही. अहवालाची मुदत जवळ आली होती, पिकांचा विषय माझ्याकडे सोपवलेला नव्हता, आणि आकडे मी एकही चुकवला नाही, हे आजही सांगेन. तरीही ते पान अहवालात यायला हवे होते. धूर कुणाच्या शेतावर गेला, हे मी विचारले नाही, म्हणून तुला इतक्या हट्टाने विचारायला सांगतो.

कागदपत्रे फक्त कंपनीचीच मिळतात, असे तू लिहितोस. मग मिक्लोश राद्नोती या हंगेरियन कवीची वही काय आहे? जर्मन ताब्यातल्या बोरमध्ये हजारो हंगेरियन ज्यूंना वेठबिगारीला जुंपले होते, त्यांत तो होता. छावणीत त्याने कविता लिहिल्या आणि वही सापडल्यास योग्य हाती पोचवावी, अशी विनंती तिच्यात पाच भाषांत लिहून ठेवली. पुढे कैद्यांना बोरहून हंगेरीकडे पायी हाकत नेले, त्या पायपिटीत थकलेल्या त्याला नोव्हेंबर १९४४ मध्ये हंगेरीतल्या अब्दा गावाजवळ गोळी घातली. १९४६ मध्ये सामूहिक कबर उकरली तेव्हा ती वही त्याच्या कोटाच्या खिशात मिळाली. आता सांग, कागद नाहीत की तू चुकीच्या कपाटात शोधतो आहेस?

तुझी मेहनत मला दिसते, भाषेची अडचणही कळते. व्लाख बोली जाणणारा कोणी सोबत घे आणि बोरजवळच्या क्रिवेल्य गावापासून सुरुवात कर. पहिल्या पानावर तांबडी टेकडी, तिचे त्यांच्या बोलीतले नाव आणि भोवतालची शेते येऊ देत. वायफर्ट त्यानंतर. मसुदा दिवाळीपूर्वी पाठव.