‘इमिटेट’ की ‘एम्युलेट’?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. शाळेच्या निरोप समारंभासाठी तिने इंग्रजीत भाषण लिहिले. ‘मी नेहमी आमच्या गणिताच्या बाईंना इमिटेट करीन’ अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. इंग्रजीच्या सरांनी ‘इमिटेट’ खोडून ‘एम्युलेट’ लिहिले. घरातल्या शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे ‘अनुकरण करणे’ एवढेच दिले आहे. मग फरक कोणता? आणि संगणकातल्या ‘एम्युलेटर’चा या शब्दाशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सरांची दुरुस्ती योग्य आहे. ‘बाईंना इमिटेट करीन’ असे म्हटले, की बाईंचे चालणे, खडू धरण्याची लकब, ‘कळलं का रे?’ असे विचारतानाचा त्यांचा सूर हुबेहूब करून दाखवणारी मुलगी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते. स्नेहसंमेलनातल्या नकलेला हा शब्द चपखल बसतो. तुमच्या मुलीला मात्र बाईंसारखे दिसायचे नाही, तर त्यांच्या योग्यतेला पोहोचायचे आहे, आणि ‘एम्युलेट’ नेमके हेच सांगतो.

दोन्ही शब्द लॅटिनमधून आले. ‘इमिटेट’चे नाते ‘इमागो’ म्हणजे प्रतिमा या शब्दाशी आहे, त्यामुळे त्याची नजर रूपावर असते. सोनाराच्या पेढीवरच्या हारासारखाच दिसणारा, पण सोन्याचा नसलेला हार आपण ‘इमिटेशन’ म्हणून विकत घेतो. तिथे कोणी ‘एम्युलेशन’ म्हणणार नाही, कारण त्या हाराला सोन्याच्या मोलाची बरोबरी करायचीच नसते. ‘एम्युलेट’च्या मुळाशी ‘एम्युलस’ म्हणजे प्रतिस्पर्धी हा शब्द आहे. समोरच्याची उंची मोजून तिथवर, जमल्यास तिच्याही वर जाण्याची धडपड त्यात आहे.

क्रिकेटमधले एक उदाहरण घेऊ. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी ईडन गार्डन्सवर विराट कोहलीने एकदिवसीय सामन्यांतले ४९वे शतक करून सचिन तेंडुलकरची बरोबरी साधली, आणि दहाच दिवसांनी वानखेडेवर ५०वे शतक झळकावल्यावर त्याने प्रेक्षागारात बसलेल्या सचिनला वाकून अभिवादन केले. ४९व्या शतकाच्या वेळी त्याने सचिनला ‘एम्युलेट’ केले, असे इंग्रजीत निःशंक म्हणता येते, कारण हा शब्द धडपडीइतकाच यशस्वी बरोबरीलाही चालतो. पण कोहलीची फलंदाजी पाहून तो सचिनला ‘इमिटेट’ करतो, असे कोणी म्हणणार नाही. उलट गल्लीतला मुलगा बुमराची तुटक धाव आणि ताठ हात जसाच्या तसा उचलतो, तेव्हा ते ‘इमिटेशन’ असते, मग त्याच्या चेंडूने यष्टी उडो वा न उडो.

‘एम्युलेशन’ला आज असलेली प्रतिष्ठा पूर्वी नेहमीच नव्हती. १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात, गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, हा शब्द द्वेष, कलह आणि क्रोध यांच्या पंगतीत पाप म्हणून बसला आहे. मत्सराचा तो अर्थ हळूहळू झडला आणि आदरातून आलेली ईर्षा तेवढी उरली. मला यात विशेष वाटते ते असे, की आपला ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचार अगदी उलट दिशेने त्याच ठिकाणी पोहोचला. मुळात तो निव्वळ ‘इमिटेशन’चा, गुरुजींनी घालून दिलेल्या वळणावरून बोरू फिरवण्याचा, पण आज एखाद्याचा कित्ता गिरवावा असे म्हणताना आपल्या मनात अक्षर नसते, त्या माणसाचे आचरण असते. म्हणूनच ‘एम्युलेट’साठी ‘अनुकरण’पेक्षा ‘कित्ता गिरवणे’ मला जवळचे वाटते, आणि चढाओढीचा रंग गडद असेल तिथे ‘बरोबरी करू पाहणे’.

यावरून ‘इमिटेट’ हा हलका शब्द आहे, असा समज मात्र करून घेऊ नये. तान्हे मूल भाषा शिकते ते ‘इमिटेट’ करूनच, आणि परक्या भाषेतले उच्चारही आपण असेच उचलतो. तिथे ‘एम्युलेट’ वापरणे चूक ठरेल. ‘द इमिटेशन ऑफ ख्राइस्ट’ हा पंधराव्या शतकातला मूळ लॅटिन भक्तिग्रंथ तर याच शब्दाने ओळखला जातो, कारण ख्रिस्ताशी बरोबरीची भाषा भक्ताला शोभणार नाही. स्वामी विवेकानंदांनी त्याचा काही भाग बंगालीत आणला, तेव्हा त्यांनी ‘ईशानुसरण’ हे नाव निवडले. ‘अनुकरणा’ऐवजी ‘अनुसरण’ घेतल्यामुळे नकलेचा वास गेला आणि नम्रता राहिली.

आता ‘एम्युलेटर’. तो याच शब्दापासून आला आहे. १९६४ मध्ये आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ ही नवी संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा ग्राहकांकडे ‘१४०१’ या संगणकासारख्या जुन्या यंत्रांसाठी लिहिलेले असंख्य प्रोग्राम पडून होते. ते सारे नव्याने लिहावे लागू नयेत म्हणून नव्या यंत्रांना जुन्या यंत्राच्या आज्ञा पाळण्याची सोय करून दिली गेली, आणि तिला ‘एम्युलेशन’ म्हटले गेले. नवे यंत्र जुन्यासारखे दिसत नव्हते, पण जुन्याचे काम ते चोख करी, आणि पुष्कळदा अधिक वेगाने.