जुन्या पुस्तकात 'अधिक' कुठून आलं?

प्रश्न : नमस्कार. माझ्याकडे फिजिक्सचं एक जुनं पुस्तक आहे, त्यात मोजमापातल्या त्रुटींवर जेमतेम दीड पान दिलंय. लंबकावरून जी (गुरुत्वीय त्वरण) काढताना 'लॉग घेऊन डिफरन्शिएट केल्यास' एवढं लिहून लगेच उत्तर : लांबीची टक्केवारी त्रुटी अधिक आवर्तकालाच्या (एका दोलनाला लागणाऱ्या वेळेच्या) टक्केवारी त्रुटीची दुप्पट. मी स्वतः करून बघितलं तर मधे वजा येतंय. नवीन पुस्तकात तर या दोन त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ घेतलंय. नक्की खरं काय, आणि जुनं पुस्तक सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नका, अजिबात नको. तुम्ही पेन्सिल घेऊन बसलात म्हणून ते वजा दिसलं, आणि ही पुस्तकं वाचायची असतात ती अशीच.

तुमचं वजा बरोबर आहे, सूत्रात (जी = ४π² × लांबी ÷ आवर्तकालाचा वर्ग) आवर्तकालाचा वर्ग छेदात आहे ना. पण आपली त्रुटी कुठल्या बाजूला झालीय हे आपल्याला कुठे माहीत असतं, लांबी थोडी जास्त मोजली गेली आणि वेळ थोडा कमी असं एकदमच झालं तर दोन्ही मिळून जी ला वरच ढकलतात, म्हणून वाईटात वाईट काय होईल ते धरून चिन्ह सोडायचं आणि बेरीज करायची. नेमकी हीच ओळ तिथे गाळलेली असते.

आता आकडे घाला. लांबी १०० सेंमी, त्रुटी ०.१ सेंमी, म्हणजे ०.१ टक्का. २० दोलनांना ४०.१ सेकंद, स्टॉपवॉच हाताने दाबतो म्हणून ०.२ सेकंद धरू, ते झाले ०.५ टक्के, दुप्पट १. एकूण १.१ टक्के, म्हणजे जी ९.८२ अधिक-उणे ०.११ मीटर प्रति सेकंद वर्ग. वर्गमुळाने केलं तर ०.१०, फरक जवळजवळ नाहीच, कारण सगळी त्रुटी वेळेचीच आहे! मग लांबीवर जीव काढण्यापेक्षा ५० दोलनं मोजा, तेच ०.२ सेकंद १०० सेकंदांत वाटले जातात आणि १.१ चे ०.५ टक्के होतात. मला तर त्रुटींच्या अख्ख्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात आवडतो, पुढचं रीडिंग कसं घ्यायचं ते गणितच सांगतं.

वर्गमूळ चालतं ते त्रुटी एकमेकींवर अवलंबून नसतील आणि कधी इकडे कधी तिकडे होत असतील तेव्हा. लांबी मोजताना गोळ्याची १ सेंमी त्रिज्याच धरायची राहिली तर शंभर रीडिंगांची सरासरी काढूनही तो १ टक्का जात नाही.

अजून एक, जुन्या पुस्तकात अधिक-उणेच्या पुढे 'प्रॉबेबल एरर' असेल तर ती प्रमाण विचलनाच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रीडिंगं सरासरीभोवती किती विखुरलीत त्याचं माप) ०.६७४५ पट असते, साधारण निम्मी रीडिंगं तेवढ्यात बसतात. नवीन पुस्तकातल्या आकड्याशी (तो बहुधा प्रमाण विचलनाचा असतो) ताडून बघण्याआधी ०.६७४५ ने भागून घ्या.