दोन सदिशांचा भागाकार करता येतो का?

सदिशांची (म्हणजे परिमाण, अर्थात लांबी, आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींची) बेरीज होते, वजाबाकी होते, गुणाकार तर दोन प्रकारचे होतात (अदिश गुणाकार अ · ब, ज्याचे उत्तर नुसती संख्या असते, आणि सदिश गुणाकार अ × ब, ज्याचे उत्तर दोघांना लंब असा सदिश असते), मग भागाकारच का होत नाही, असे आपण विचारले आहे. वर्गात या प्रश्नाला मिळणारे ‘होत नाही, पुढे चला’ हे उत्तर मला आळशीपणाचे वाटते.

भाग देणे म्हणजे गुणाकार उलटा फिरवणे, आणि तो फिरवताना एकच उत्तर हाती आले पाहिजे. अ = (१, ०, ०) आणि अ · ब = ५ असेल, तर ब हा (५, ०, ०) असू शकतो आणि (५, ७, −२) सुद्धा; एका संपूर्ण प्रतलाएवढी उत्तरे निघतात. अ × ब = क यातून ब शोधू गेल्यास, क हा अ ला लंब नसेल तर उत्तरच नसते, आणि लंब असेल तर ब मध्ये अ ची कोणतीही पट मिळवली तरी गुणाकार तोच राहत असल्यामुळे एका रेषेएवढी उत्तरे मिळतात. म्हणून या दोहोंपैकी कोणत्याही एका गुणाकाराला भागाकार नाही, हे खरे आहे.

मात्र दोन समांतर सदिशांच्या बाबतीत हा अडथळा येत नाही, आणि याच मुद्द्यावर माझे एका शिक्षकांशी वाजले होते. गणितात बल (६, ९, −३) आणि त्वरण (२, ३, −१) दिले होते व वस्तुमान विचारले होते. मी दोन्ही अक्षरांवर बाण ठेवून सरळ बल भागिले त्वरण असे लिहिले आणि उत्तर ३ काढले. त्यावर लाल रेघ मारून ‘सदिशांचा भागाकार नसतो, परिमाणांचा करा’ असा शेरा आला आणि गुण कापले गेले. मी विचारले की एका सदिशाची दुसरा सदिश नेमकी किती पट आहे हे एकाच संख्येने ठरत असेल, तर त्या संख्येला भागाकार म्हणण्यात काय बिघडते? ‘पुस्तकात नाही’ याखेरीज उत्तर मिळाले नाही. मला आजही वाटते की सुचवलेली पद्धतच अधिक धोकादायक होती. समजा, छापताना चूक होऊन त्वरण (३, २, −१) असे पडले. त्याचे परिमाण पूर्वीइतकेच असल्याने परिमाणांचा भागाकार निमूटपणे ३ हेच उत्तर देईल, आणि बल व त्वरण यांच्या दिशा जुळत नाहीत, म्हणजे दिलेली माहितीच चुकीची आहे, हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. घटकवार भागून पाहणाऱ्याला मात्र २, साडेचार आणि ३ अशी तीन वेगळी उत्तरे मिळतील आणि तो तिथेच थांबेल.

आता समांतर नसलेल्या सदिशांकडे वळू. दोन्ही गुणाकार एकत्र ठाऊक असतील तर ब पूर्णपणे ठरतो: (अ · ब)अ आणि (अ × ब) × अ यांची बेरीज करून तिला अ च्या परिमाणाच्या वर्गाने भागावे. अ = (१, २, २), अ · ब = ५ आणि अ × ब = (२, ५, −६) घेतले, तर बेरीज (२७, ०, ९) येते, तिला ९ ने भागले की ब = (३, ०, १). पडताळून पाहावे.

हा योगायोग नाही. आयरिश गणितज्ञ हॅमिल्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये क्वाटर्नियन (एक अदिश आणि एक सदिश मिळून होणाऱ्या, चार घटकांच्या संख्या) शोधले, आणि त्यांत दोन सदिशांचा गुणाकार हा एक अदिश भाग (उणे अ · ब) व एक सदिश भाग (अ × ब) मिळून बनतो. पुढे अमेरिकेचे गिब्ज आणि इंग्लंडचे हेविसाइड या शास्त्रज्ञांनी हे दोन भाग सुटे करून वापरात आणले. भौतिकशास्त्राला ते सोयीचे पडले, पण भागाकार त्या विभागणीत हरवला. अखंड गुणाकारात शून्येतर सदिशाचा व्यस्त (ज्याने गुणले की १ येतो तो) असतो: उणे अ, भागिले अ च्या परिमाणाचा वर्ग. दोन सदिशांचा भागाकार तेथे सदिश नसून चार संख्यांचा क्वाटर्नियन असतो, कारण एका सदिशाला दुसऱ्यावर नेण्यासाठी किती ताणायचे, किती वळवायचे आणि कोणत्या अक्षाभोवती वळवायचे हे सांगावे लागते, आणि अक्षाची दिशा एकटीच दोन संख्या घेते. प्रतलात अक्ष ठरलेलाच असल्याने दोन संख्या पुरतात. संमिश्र संख्यांचा भागाकार तो हाच.

हे प्रत्येक मितीत जमते असे समजू नये. गुणाकाराने साहचर्य पाळावे (तिघांच्या गुणाकारात कंस कोठेही घातला तरी उत्तर तेच यावे) आणि प्रत्येक शून्येतर सदिशाने भाग जावा अशी अट घातली, तर वास्तव संख्यांवर ते फक्त १, २ आणि ४ मितींत शक्य आहे, हे जर्मन गणितज्ञ फ्रोबेनियस यांनी दाखवले. साहचर्य सोडले तर ८ मितींची भर पडते. म्हणजे त्रिमितीतील सदिशांचा भागाकार त्रिमितीतच मावावा हा हट्ट सोडावाच लागतो. परीक्षेत मात्र ‘बल आणि त्वरण समांतर आहेत, म्हणून बल = ३ × त्वरण’ असे लिहावे; त्यावर कोणी गुण कापू शकत नाही. आणि क्वाटर्नियन वापरताना अपूर्णांकाची आडवी रेघ टाळावी, कारण व्यस्ताने डावीकडून गुणले की उजवीकडून यावर उत्तर बदलते आणि ती रेघ बाजू सांगत नाही.