प्रमोशन मिळालं, पण आवडतं काम सुटलं

मी समुपदेशक, हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरचा बसायच्या आधीच ओळखते. मुख्याध्यापक झालेले शिक्षक, डीन झालेले सर्जन, मॅनेजर झालेल्या कोडिंगवाल्या मुली. त्यातली एकीची गोष्ट सांगते, तपशील अर्थातच बदललेत.

बाई एका कलासंग्रहालयात बावीस वर्षं लघुचित्रांच्या क्युरेटर, आणि आठ महिन्यांपासून डायरेक्टर. "सकाळी टेंडर, दुपारी ट्रस्टी, संध्याकाळी कोणीतरी पाहुणे. एक चित्र धड बघितलं नाही मॅडम. मी क्युरेटरच आहे, मला चित्रांजवळच असायला हवं."

मी अल्बर्ट एलिसच्या वाटेवरची, म्हणजे 'असंच हवं' या हट्टावर बोट ठेवणाऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या, त्यामुळे वाक्यातला 'च' मला लगेच टोचतो (घरचे वैतागतात). पण तीन भेटी तो च काही हलेना.

चौथ्या भेटीला बाई उशिरा आल्या, डोळे लाल. पावसाळा, रात्री लाईट गेली, स्टोअरमधले डीह्युमिडिफायर बंद, आर्द्रता सत्तरच्या वर, म्हणजे बुरशीला आमंत्रण. जनरेटर चालू झाला म्हणून निभावलं, कारण त्याच्या मेंटेनन्सची फाईल ह्यांनीच मार्चमध्ये भांडून पास करून घेतलेली. मग बाई तिथल्या एका लघुचित्राच्या पानाबद्दल सांगायला लागल्या, त्यातला हिरवा रंग तांब्यापासून केलेला, दमट हवेत तो खालचा कागदच खातो, भोकं पडतात. बोलताना दोन्ही तळवे वर, जसं काही पान धरलंय.

मी विचारलं, "हातात काय आहे?"

त्यांनी हातांकडे बघितलं. बराच वेळ गप्प.

"मार्चमध्ये सही करताना हे पान दिसत होतं?"

"नाही हो. नुसता आकडा दिसत होता."

हा प्रश्न मला आयत्या वेळी सुचला आणि खरं सांगते, त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. तोवर मी त्यांचा हट्ट खोडत बसले होते, आणि त्यांचं दुःख तर फायलीमागचं पान दिसत नाही हे होतं.

गृहपाठ दिला: रोज तीन फायलींवर पेन्सिलीने लिहायचं, ह्यामुळे स्टोअरमधलं काय वाचतं. पुढच्या वेळी त्याच मला सांगत होत्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचे फिलिप द मोंटेबेलो १९६३ मध्ये चित्रविभागात साधे सहायक म्हणून लागले, १९७७ ते २००८ डायरेक्टर, आणि २००४ मध्ये दुच्चो या जुन्या इटालियन चित्रकाराचं वहीच्या पानाएवढं चित्र म्युझियमसाठी घेतलं ते आधी स्वतः लंडनला जाऊन बघून. किंमत साडेचार कोटी डॉलरच्या आसपास म्हणतात! म्हणजे त्या खुर्चीतही नजर लागतेच.

सगळ्यांना हे लागू नाही. एका डीनला मी सरळ पद सोडा म्हटलंय, त्यांना फायलीमागे पेशंट दिसेचना. तुमचंही असं असेल तर आधी महिनाभर ती पेन्सिल चालवून बघा, राजीनामा काय पळून जात नाही. आणि आवडत्या कामाला आठवड्यात एक तास तरी ठेवा, कॅलेंडरमध्ये टाकून, "वेळ मिळाला तर" असं नको.

बाईंचा मंगळवार सकाळचा तास ठरलाय, स्टोअरमध्ये, फोन बाहेर. परवा मेसेज आला: "दोन पानं बघितली. नंतर ट्रस्टींची मीटिंग. बोअरच झाली."

तो च मी राहू दिला.