आधी व्हिसा वाढवू की परतीचं तिकीट बदलू?

तिकीट. आधी तिकीट बदला, जमलं तर आजच, आणि मग व्हिसाचा अर्ज भरा.

तुम्ही लिहिलंय की गॅप इयरवर न्यूझीलंडला आला आहात, सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय आणि अजून तीन महिने राहावंसं वाटतंय. परतीचं तिकीट घरच्यांनी एजंटकडून काढलेलं आहे, आणि व्हिसाचा निकाल लागेपर्यंत तिकिटाला हात लावू नकोस असं घरचे म्हणतायत. हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून मी उत्तर लिहितेय. 2016 साली मला हेच ऐकवलं गेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाकडून. त्यावरून आमच्यात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

मी 14 ऑक्टोबर 2015 ला ऑकलंडला उतरले. शिक्षण संपलं होतं, नोकरी पुढच्या ऑगस्टमध्ये सुरू होणार होती. आधी उत्तर बेट पाहिलं, मग फेरीने दक्षिणेला गेले आणि फिरत फिरत जानेवारीत गोल्डन बेजवळच्या टाकाका गावी पोचले. तिथे एका वयस्कर बाईंच्या घरी खोली भाड्याने घेतली, आठवड्याभरासाठी. त्या हाराकेकेच्या, म्हणजे तिथल्या एका लांब पात्यांच्या झुडपाच्या, पानांचं विणकाम करायच्या. माओरी भाषेत त्याला रारंगा म्हणतात. त्यांनी मला पहिल्या दिवशी विणायला नाही, पान कापायला शिकवलं. मधला कोवळा कोंब म्हणजे बाळ, त्याच्या दोन बाजूंची पानं म्हणजे आईबाप. त्या तिघांना कधी हात लावायचा नाही, बाहेरची पानं घ्यायची, आणि पाऊस असेल तर तीही नाही. पहिली विणलेली केते, म्हणजे पिशवी, स्वतःकडे ठेवायची नसते, देऊन टाकायची असते. मी ती त्यांच्या शेजारणीला दिली. मार्चमध्ये त्या म्हणाल्या, आता तुझा हात बसलाय, हिवाळ्यात माझ्याबरोबर फारिकीला बस. फारिकी म्हणजे जमिनीवर अंथरायची मोठी चटई. आठवड्याचे दोन महिने झाले होते, आणि आता त्याचे पाच होणार होते.

मुक्काम वाढवणं म्हणजे जबाबदारीपासून पळणं, असं म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. ठरलेल्या तारखेला परत येण्यात कसलं कर्तृत्व आहे? सहा महिने एका देशात काढल्यावर कुठे मन बसतं ते कळायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच तिकिटावरची तारीख येते. तुम्हाला थांबावंसं वाटत असेल तर थांबा. आईबाबांना कसं सांगू, हेही तुम्ही विचारलंय. नवी तारीख असलेलं तिकीट पाठवा आणि मग फोन करा. तारीख दिसली की निम्मी काळजी तिथेच मिटते.

आता माझं काय झालं ते सांगते. व्हिसाचा अर्ज मी 22 मार्चला ऑनलाइन भरला. तिथे जुना व्हिसा लांबवून मिळत नाही, नव्या व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. जुना चालू असताना अर्ज केलात तर तो संपल्यावर निकालापर्यंत इंटरिम व्हिसा लागू होतो. हे मला माहीत होतं. तिकीटही लगेच जुलैवर ढकलायचं होतं. विमान कंपनीला फोन केला तर त्यांनी सांगितलं की हे तिकीट एजंटने काढलंय, बदलही एजंटच करेल. एजंटचा सगळा व्यवहार दादाच्या नावावर. दादा म्हणाला, "अगं, व्हिसा नाकारला तर? तारीख बदलायचे पैसे दोनदा जातील. निकाल येऊ दे."

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मीही ऐकलं. निकाल काही आला नाही. उलट छातीचा एक्स-रे मागितला गेला, कारण एकूण मुक्काम सहा महिन्यांच्या वर जात होता. माझं विमान सोमवारी, 11 एप्रिलला, दुपारी एक वाजता ऑकलंडहून होतं. शुक्रवारी मी दादाला पुन्हा फोन केला आणि म्हटलं, आता बदलावंच लागेल. तो म्हणाला, "सोमवारी सकाळी एजंटचं ऑफिस उघडलं की पहिलं काम तेच."

न्यूझीलंडचं घड्याळ तेव्हा भारताच्या साडेसहा तास पुढे होतं. उन्हाळी वेळ 3 एप्रिललाच संपली होती, नाहीतर साडेसात तास असतं. ऑकलंडमध्ये दुपारचा एक वाजतो तेव्हा भारतात सकाळचे साडेसहा झालेले असतात. एजंटचं ऑफिस दहाला उघडलं. त्या वेळी माझ्याकडे संध्याकाळचे साडेचार वाजले होते, आणि माझं विमान माझ्याशिवाय साडेतीन तास उडत ऑस्ट्रेलियाच्या वर पोचलेलं होतं. मी अंगणात नखाने पानांच्या पट्ट्या काढत बसले होते, तिकीट बदललं गेलं असणार असं धरून. तासाभराने दादाचा निरोप आला: एजंट म्हणतोय नो-शो झालं.

नो-शो म्हणजे न कळवता प्रवासी आलाच नाही. माझ्या तिकिटाच्या अटींत स्पष्ट लिहिलं होतं की विमान सुटण्याआधी तारीख बदलली तर ठरलेलं शुल्क आणि भाड्यातला फरक भरायचा, सुटल्यानंतर काही नाही. पुढे चार महिन्यांनी विमानतळाचे काही कर तेवढे परत मिळाले.

दादा आजही म्हणतो की कंपनीने लुबाडलं. त्याचा मुद्दा एकच: "तारीख सोमवारचीच होती आणि मी सोमवारीच फोन केला." दादा, तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. सोमवार दोन्हीकडे होता, पण तिकडचा सोमवार तोवर कलला होता. कंपनीने लेखी सांगितलं होतं तेच केलं. आणि मला खरं लागलं ते पैसे गेल्याचं नव्हे. नातेवाइकांत गोष्ट अशी पसरली की हिने मुक्काम वाढवला म्हणून परतीचे पैसे बुडाले. मुक्काम वाढवल्याने एक रुपयाही बुडाला नव्हता. 22 मार्चला बदललं असतं तर शुल्क आणि फरक एवढ्यावर भागलं असतं. अगदी दोनदा बदलावं लागलं असतं तरी ते नव्या तिकिटापेक्षा स्वस्त पडलं असतं, मी तेव्हाच बेरीज करून पाठवली होती.

आणि व्हिसा नाकारला असता तर? तर इंटरिम व्हिसा त्या क्षणी संपत नाही, नकारानंतर 21 दिवस मिळतात. तेवढ्यात तारीख अलीकडे घेता येते. म्हणून म्हणते, तिकीट आधी. नवी तारीख निवडताना एक मर्यादा सांभाळा: व्हिजिटर म्हणून साधारणपणे 18 महिन्यांत 9 महिनेच राहता येतं. तुमचे सहा आणि तीन मिळून बरोबर नऊ होतात, तेव्हा शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधीची तारीख घ्या. विमान रद्द झालं तर ते दिवस हाताशी राहतात. अर्जाबरोबर परतीचं तिकीट जोडलं की तुम्ही खरंच परत जाणार आहात हे वेगळं पटवावं लागत नाही. पैशांचा पुरावाही लागतो. महिन्याला 1,000 न्यूझीलंड डॉलर असा नियम आहे, राहण्याचे पैसे आधीच भरलेले असतील तर 400. एक्स-रेसाठी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच जावं लागतं, मी त्यासाठी पिक्टनहून फेरी पकडून वेलिंग्टनला गेले होते. तुमचाही मुक्काम सहा महिने ओलांडणार आहे, तेव्हा कुणी मागण्याची वाट न बघता तो आधीच काढून घ्या.

माझा व्हिसा मे महिन्यात मंजूर झाला. आता एकेरी तिकीट हवं होतं, आणि दादाने भरपाई म्हणून स्वतःच शोधायला घेतलं. दोन दिवसांत त्याने पाठवलं: सिडनीमार्गे, फार स्वस्त. या वेळी मी अटी स्वतः वाचल्या. भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायचं असलं तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो, उपवर्ग 771. तो फुकट आहे, पण अर्ज आधी करून मंजूर झालेला लागतो. नसेल तर ऑकलंडच्या काउंटरवरच अडवतात. शिवाय ती दोन वेगवेगळी तिकिटं होती. म्हणजे सिडनीला बॅगा उतरवून घ्यायच्या, बाहेर पडायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं तिकीट पुन्हा नो-शो. मी ते नाकारलं आणि सिंगापूरमार्गे एकाच बुकिंगमधलं तिकीट काढलं. तिथे ट्रान्झिट भागातच राहायचं असेल तर व्हिसा लागत नाही, आणि बॅगा थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जातात. ते महाग होतं, ते मी स्वतः काढलं, आणि 9 जुलैला त्याच विमानाने निघाले. फारिकी पूर्ण करून. सिडनीवाल्या तिकिटात किती पैसे वाचले असते ते दादा अजून सांगतो. माझं उत्तर बदललेलं नाही.

विमा विसरू नका. माझी पॉलिसी 180 दिवसांची होती, आणि ती चालू असतानाच वाढवली. संपल्यावर वाढवायला गेलात तर नवीन काढा म्हणतात, आणि बऱ्याच कंपन्या प्रवासाला निघालेल्या माणसाला नवीन देत नाहीत. न्यूझीलंडमध्ये अपघात झाला तर तिथली एसीसी योजना पाहुण्यांच्याही उपचारांचा खर्च उचलते, हे खरं आहे आणि फार चांगलं आहे. पण आजारपणासाठी ती नाही, घरी परतण्याच्या खर्चासाठीही नाही. तिच्या भरवशावर विमा टाळणारे मला तिथे दोघेजण भेटले, दोघांनाही मी हेच सांगितलं.

आणखी एक. पैसे पुरवायचे म्हणून राहण्या-जेवणाच्या बदल्यात शेतावर हात लावू, असा विचार असेल तर सोडून द्या. व्हिजिटर व्हिसावर तेही काम धरलं जातं. शिकायला मात्र तीन महिन्यांपर्यंत मुभा आहे.

मी सगळं ठासून लिहिलंय, पण दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. काही तिकिटांची तारीख बदलता येतच नाही, किंवा बदलण्याचा खर्च नव्या एकेरी तिकिटाएवढा होतो. तसं असेल तर ते सोडून द्या, मात्र विमान सुटण्याआधी रीतसर रद्द करा, म्हणजे निदान कर परत मागता येतात. दुसरं, त्या शुक्रवारच्या फोनवर मी दादाला विमानाची वेळ सांगितली नाही, नुसतं सोमवार म्हटलं. त्याने विचारायला हवं होतं, आणि मीही सांगायला हवं होतं. हे मी त्याला कधी म्हटलेलं नाही, इथे पहिल्यांदाच लिहितेय. आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन न्यूझीलंडच्या साइटवर आजचे आकडे बघून घ्या.

तुमचं तिकीट कुणाच्या नावाने काढलंय, एजंटचा फोन कोण उचलतो आणि त्याचं ऑफिस किती वाजता उघडतं, ते आज विचारून घ्या. एजंटला ईमेल तुम्ही स्वतः करा, घरच्यांना सीसीत ठेवा. आणि त्यात तुमच्या विमानाची वेळ दोनदा लिहा, एकदा ऑकलंडची, एकदा घरची.