मदतीच्या दीड लाखातली पॉलिसी

माढा तालुक्यातून एका पशुपालकाचं पत्र आलंय: 'सप्टेंबर २०२५च्या सीना नदीच्या पुरात माझ्या चार एचएफ जातीच्या गायी गेल्या, दोन वाचल्या. सरकारी मदत दीड लाख जमा झाली. त्यातले ५० हजार बँकेतल्या साहेबांनी सांगितलेल्या १२ टक्क्यांच्या बचत योजनेत टाकले. उरलेल्या १ लाखाची एफडी करू की गाय घेऊ? पेंडीसाठी सावकाराकडून ६० हजार घेतलेत, महिना ३ टक्क्यांनी. गायींची राहिलेली भरपाई आली की ते फेडीन.'

गाय घ्या. पण त्याआधी दोन कामं आहेत आणि पहिल्याला मुदत आहे.

तुम्ही पाठवलेला कागद बचत योजनेचा नाही, आयुर्विम्याच्या पॉलिसीचा आहे. दरवर्षी ५० हजार, दहा वर्षं भरायचे; पंधरा वर्षांनी साधारण साडेसात लाख मिळायचे. म्हणजे परतावा ४ टक्क्यांच्या आसपास. १२ हा आकडा त्या कागदावर कुठेही नाही, तो फक्त साहेबांच्या तोंडी होता. पूरग्रस्ताच्या खात्यात मदत पडली की दुसऱ्या दिवशी फोन करणाऱ्या या मंडळींना काय म्हणावं!

पुढचा हप्ता कुठून भरणार होता? दोन गायींचं दूध २० लिटर धरा, लिटरला ३० रुपये, रोजचे ६००. चारा-पेंडीला ४०० गेले की महिन्याला ६ हजार उरतात. पॉलिसीचे महिन्याकाठी चार हजारांवर, सावकाराचं व्याज १,८००. घर कशावर चालवणार? आणि दुसरा हप्ता चुकला की पहिल्यातलेही बरेचसे बुडतात.

पॉलिसीचे कागद मागच्या आठवड्यात आलेत, हे नशीब. हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकीचे परत येतील. 'सहा महिने थांबा' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. विमा हवाच असेल तर पंतप्रधान जीवनज्योती आहे: वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा, पन्नाशीच्या आत असाल तर.

राहिलेली भरपाई येणार नाही. राहिलेलं काहीच नाही. गाय ८० हजारांची असो की लाखाची, दुधाळ जनावरामागे ३७,५०० हाच दर. केंद्राच्या निकषात तीनच मोठी दुधाळ जनावरं धरतात. राज्याने त्या वेळी ती अट काढली म्हणून चौथीचेही मिळाले आणि चौघींचे मिळून दीड लाख पूर्ण झाले.

तेव्हा हातातल्या लाखातून सावकाराचे ६० हजार आधी फेडा. वर्षाला ३६ टक्के व्याज भरत सहा-सात टक्क्यांची एफडी कसली करताय? शिवाय शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं कायद्यात बसत नाही. कटकट झाली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. पुढची पेंड पशुपालनाच्या किसान क्रेडिट कार्डावर घ्या. वेळेत फेडलं तर २ लाखांपर्यंत ४ टक्के व्याज पडतं.

पॉलिसीचे पैसे आले की हातात ९० हजारांच्या आत-बाहेर राहतील. त्यात एकच गाय घ्या, दुसऱ्या वेताची म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली, दोन्ही वेळची धार समोर काढून बघितलेली. तिचा आणि घरच्या दोघींचा विमा उतरवा. ८० हजारांच्या गाईला वर्षाला साधारण साडेतीन हजार. सरकारी अनुदानात बसलात तर तुमचा वाटा १५ टक्के, म्हणजे पाच-साडेपाचशे. कानातला बिल्ला शाबूत आहे ना, ते आजच बघा. बिल्ला नसेल तर दावा अडतो.