लहान बाळ आणि घरातली मोठी माणसं, सगळ्यांसाठी एकच 'होलिस्टिक' दवाखाना कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच साताऱ्याहून पुण्यात आलात, बाळ दोन महिन्यांचं आहे, सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांचा भरवसा आयुर्वेदावर आहे. म्हणून अ‍ॅलोपॅथी आणि आयुर्वेद दोन्ही एकाच ठिकाणी मिळेल असा 'होलिस्टिक' दवाखाना हवाय. मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहते. घरात दोन मुलं आणि सासू-सासरे. धाकटी झाली तेव्हा मीही हेच शोधत होते, आणि पहिली निवड चुकली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिला दवाखाना मला फार आवडला होता, हे आधी सांगते. पाटीवरच 'समग्र बाल व कुटुंब आरोग्य' असं लिहिलेलं. आत गर्दी नाही, कोपऱ्यात झोपाळा. डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतलं. बाळंतपणानंतर माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं, मी तिथेच विरघळले. मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीचा विषय निघाला. "एवढी घाई कशाला, तिची नैसर्गिक प्रतिकारशक्ती तयार होऊ दे, जरा मोठी झाली की बघू," असं ते म्हणाले. आम्ही थांबलो. सर्दीसाठी कागदाच्या पुड्या मिळायच्या. त्यांवर नाव नाही, आत काय आहे ते सांगायचं नाही, विचारलं तर "सगळं नॅचरल आहे".

नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ पसरली, मालेगाव-भिवंडीतूनही बातम्या येऊ लागल्या. मुलं दगावली. माझी मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. ती बातमी वाचताना माझ्या हातातला फोन थरथरत होता, हे मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभी राहिले आणि लस दिली. फुकट. तिला काही झालं नाही. पण ते दोन महिने ती लशीविना राहिली ते मी एका गोड बोलण्यावर विसंबले म्हणून.

त्याच रांगेत मला पुढचा रस्ता सापडला. लस देणाऱ्या नर्सताईंना विचारलं, "ताई, तुमच्या घरच्या मुलांना कुठे नेता?" त्यांनी एका डॉक्टर दांपत्याचं नाव सांगितलं. ते बालरोगतज्ज्ञ, त्या एमबीबीएस फॅमिली डॉक्टर. पाटीवर 'होलिस्टिक' हा शब्द कुठेच नाही. तरी तो शब्द कोणाला लावायचा असेल तर मी त्यांनाच लावेन. का, ते सांगते.

मुलीचा रात्रीचा खोकला जात नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मग विचारलं, "रात्री झोपायच्या खोलीत काय पेटवता?" डासांची कॉइल, संध्याकाळी धूप, आणि सासूबाई रोज अंघोळीनंतर ओव्याची धुरी द्यायच्या. "धूर बंद करा, मच्छरदाणी लावा, दोन आठवड्यांनी या." मग दुसरा प्रश्न, "घरात आणखी कुणी खोकतं का?" सासरे खोकत होते, तीनेक आठवडे झाले असतील. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करायचीच, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर आणखी लवकर, असं म्हणून त्यांनी सासऱ्यांना शेजारच्या खोलीत डॉक्टरबाईंकडे पाठवलं. थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत झाली, निगेटिव्ह आली. मुलीचा खोकलाही धूर थांबल्यावर हळूहळू गेला. औषध म्हणाल तर नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, बस्स.

मूल घरात वाढतं, त्यामुळे घराबद्दल विचारणारा डॉक्टर शोधा. फॅमिली प्रॅक्टिसचा खरा फायदा हाच आहे.

सासूबाईंचं काय करायचं, ही तुमची खरी काळजी दिसते. आमच्याकडेही तेच होतं. बाळगुटीची पिशवी गावाहून आली होती: वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, डिकेमाली, आणि सहाण. डॉक्टरांनी त्यांना एका शब्दानेही हिणवलं नाही. "आजी, मालिश तुमच्याइतकी चांगली कुणालाच येणार नाही, ती रोज करा. फक्त नाकात-कानात तेल घालू नका. आणि कुठल्याही बाळाला पहिले सहा महिने पोटात आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नाही. सहाण कितीही धुतली तरी जंतू राहतात." सुवर्णप्राशनाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, त्यात मध असतो, आणि वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. भस्मं आणि रसौषधी, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं, यांमध्ये शिसं, पारा सापडल्याची उदाहरणं आहेत, म्हणून लहान मुलाला तर नकोच. सासूबाई ऐकून घेऊन गप्प बसल्या, आणि घरी आल्यावर पिशवी स्वतःच माळ्यावर ठेवली. माझ्या दहा वाद घालण्याने जे झालं नव्हतं ते झालं, कारण त्यांचा मान राखला गेला. पहिल्या भेटीला सासूबाईंना नक्की सोबत न्या. डॉक्टर त्यांच्याशी कसं बोलतात ते बघा.

आयुर्वेद आणि आधुनिक औषध एकाच ठिकाणी मिळायला हवं का? मला आता तसं वाटत नाही. सासूबाई गुडघ्यांसाठी वैद्यांकडे जातात, तेल लावतात, त्यांना बरं वाटतं. पण वैद्यांचा प्रत्येक कागद बाईंच्या फाइलमध्ये लागतो. तुमच्या सासूबाई शुगरसाठी एखादं चूर्ण घेत असतील तर ते गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला माहीत असलंच पाहिजे, नाहीतर शुगर अचानक खाली गेली तर कारणच कळणार नाही. बिनानावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकारही झाले आहेत, आणि मधुमेहात स्टेरॉइडने साखर भडकते. म्हणून औषधाचं नाव लिहून देत नसतील तिथून उठायचं.

पदव्यांकडे आपण लाजून दुर्लक्ष करतो, ते करू नका. एमडी (पेडियाट्रिक्स), डीएनबी (पेडियाट्रिक्स) किंवा डीसीएच म्हणजे आधुनिक वैद्यकातले बालरोगतज्ज्ञ. बीएएमएस नंतर एमडी (कौमारभृत्य) म्हणजे आयुर्वेदातले. बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथी. नुसतं 'एमडी' दिसलं तर कशात एमडी, ते विचारा. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या कौन्सिल वेगळ्या. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असावा. चांगल्या डॉक्टरला हे विचारल्याचा राग येत नाही, मी विचारून बघितलंय.

लशींबद्दल मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. जो डॉक्टर कारण न सांगता सरकारी वेळापत्रकातली लस पुढे ढकलायला सांगेल, तो कितीही प्रेमळ असो, तिथे पुन्हा जाऊ नका. उलट्या बाजूनेही बघा. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं की मूळ लशी महापालिकेत मोफत मिळतात आणि चांगल्या असतात. खासगीतल्या 'पेनलेस' लशीने ताप-सूज कमी येते, पण प्रत्येक डोसला काही हजार जातात, परवडत असेल तरच घ्या. स्वतःचं नुकसान होईल असा सल्ला देणाऱ्यावर माझा विश्वास चटकन बसतो.

खोकल्याच्या औषधाबद्दल काय म्हणतात तेही ऐका. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर (क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन) 'चार वर्षांखालच्या मुलांना नको' असं छापायचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं विषारी कफ सिरपमुळे दगावली, त्यातल्या कितीतरी जणांना नागपूरला आणलं होतं. साध्या सर्दीला पहिल्याच दिवशी सिरप आणि अँटिबायोटिक लिहिणारे डॉक्टर मला नकोत, मग पाटीवर काहीही असो.

शेवटचा प्रश्न विचाराच: "रात्री दोन वाजता काही झालं तर?" आमच्या डॉक्टरांनी लहान मुलांचा आयसीयू असलेल्या हॉस्पिटलचं नाव लिहून दिलं आणि आम्हा दोघांना श्वास मोजायला शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना हेच शिकवून बाळं वाचवली, तुम्हाला का जमणार नाही, असं म्हणाले. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघत मोजायचं. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास असतील तर घरी थांबायचं नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप असेल तर रात्र असो की दिवस, सरळ हॉस्पिटल गाठायचं. हा कागद आमच्या फ्रिजवर अजून चिकटवलेला आहे.

पहिल्यांदा जाल तेव्हा बाळ आजारी नसताना जा, आणि सोमवार संध्याकाळची गर्दी टाळा. बाळाचं लसीकरण कार्ड आणि सासूबाईंची फाइल न्या. त्या घेतात ती सगळी चूर्णं-गोळ्याही एका पिशवीत घालून न्या. पण त्याआधी एक काम. बाळ दोन महिन्यांचं आहे म्हणजे सहाव्या आठवड्याचे डोस होऊन गेले असायला हवेत. घर बदलण्याच्या गडबडीत राहिले असतील तर दवाखाना ठरेपर्यंत थांबू नका, जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाचा वार विचारून याच आठवड्यात देऊन या. आणि तिथल्या नर्सताईंना विचारा, त्या आपल्या घरच्या मुलांना कुठे नेतात.